सातारा ते सांगली : जुन्या गाडीच्या उजेडाची वाट

वाचकहो, साताऱ्याहून सांगलीला जाणे ही आपल्याकडे काही मोठी यात्रा नव्हे. साताऱ्याहून महामार्गाने कराड, तिथून पेठ नाका, मग डावीकडे वळून ईश्वरपूर, म्हणजे आपले जुने इस्लामपूर, पुढे आष्टा, तुंग, कसबे डिग्रज आणि सांगलीवाडी ओलांडून कृष्णेच्या पुलावरून सांगली. सारे मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. नव्या गाडीला हे अंतर म्हणजे खेळ. पण तुमच्या वाड्यात अजून वडिलांच्या वेळची जीपगाडी उभी असेल, किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली अँबॅसेडर नाहीतर फियाट असेल, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री हीच वाट करायची असेल, तर प्रश्न वेगळा होतो. इंजिन पोहोचवील याची खात्री असते. दिवे पोहोचवतील का, याची नसते.

जुनी गाडी ठेवणाऱ्या घरांसाठी हीच वाट आज जरा वेगळ्या नजरेने पाहू. वाटेत जे दिसेल तेही पाहू आणि डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा की नाही, बसवायचा तर कसा, तेही समजून घेऊ.

साताऱ्यात : आधी हिशेब

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे हे गाव पेन्शनरांचे म्हणून ओळखले जाते, पण लोखंडाची आणि यंत्रांची ओळख या जिल्ह्याला जुनी आहे. सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर झाले, पुढे डिझेल इंजिने झाली. प्रिया नावाची स्कूटरही एकेकाळी साताऱ्यातच तयार होत असे. अशा गावात जुन्या यंत्राची कदर असणारे हात मिळतात. रस्त्याच्या कडेला ‘सेल्फ-डायनामो रिपेअरिंग’ अशी पाटी लावलेली लहान दुकाने अजून दिसतात. पाटीवर डायनामो हा शब्द राहिला आहे, आत काम बहुतेक अल्टरनेटरचे चालते.

दुकानात जाण्याआधी घरी बसून एक हिशेब करा. पुढचे दोन दिवे डिपरवर लावले तर ५५ वॉटचे दोन, म्हणजे ११० वॉट. मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, मीटरचे बल्ब यांचे धरा २५. पेट्रोल गाडी असेल तर कॉइलचे ३५ ते ४०. पाऊस असला तर वायपरचे ४५ ते ५०. बेरीज सव्वादोनशे वॉटच्या घरात जाते. बारा व्होल्टने भागले की सुमारे अठरा अँपिअर येतात. जुन्या अँबॅसेडर-फियाटच्या जातीचा डायनामो, इंजिन चांगले पळत असताना, बावीस अँपिअरच्या आसपास देतो. वर पंखा लावला, मोबाईल चार्जिंगला लावला आणि हॉर्न वाजवत राहिलात, की हातात शिल्लक काही उरत नाही.

आणि हे झाले इंजिन पळत असतानाचे. गाडी जागेवर उभी, इंजिन हळू चालते आहे, अशा वेळी डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. तेव्हा सारा भार बॅटरीवर पडतो. ५० अँपिअर-तासांची नवी बॅटरी हा भार कागदावर पावणेतीन तास ओढील. तीन वर्षांची थकलेली बॅटरी तासाभरातच दिवे पिवळे करून दाखवते.

उंब्रजच्या आसपास : गाडी हळू चालली की काय होते

साताऱ्याहून निघालात की काशीळ, अतीत मागे टाकून तुम्ही उंब्रजला येता. इथून जवळच तारळी नदीच्या काठी पाल आहे. पौषात पालीच्या खंडोबाची जत्रा भरते, खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, आणि भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात. जत्रेचे दिवस आणि साखर कारखान्यांचा हंगाम एकच. त्यामुळे या दिवसांत रस्त्यावर वऱ्हाडी असतात, भाविक असतात, आणि उसाने लादलेले ट्रॅक्टर असतात.

उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे तुमची गाडी अडकली आहे असे समजा. समोरून वाहने येत आहेत, पुढे काढता येत नाही. क्लच दाबून, थांबत थांबत, पावलापावलाने चालणे. इंजिनचे फेरे कमी. दिवे सगळे लागलेले. अँमीटरचा काटा उणेकडे झुकलेला. अर्धा तास असे चालले की काटा तिथेच राहतो आणि दिव्यांचा पांढरा उजेड तांबूस होऊ लागतो. समोरच्या ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो. दिसले तेव्हा दिसले! जुन्या गाडीच्या चार्जिंगचा प्रश्न हा हौसेचा प्रश्न नाही, तो जिवाचा आहे, तो इथे.

असे का होते? सायकलच्या चाकाला लावलेला दिव्याचा डायनामो आठवा. पायडल जोरात मारले की दिवा लख्ख, चढावर सायकल हळू झाली की दिवा मिणमिणता. गाडीचेही तसेच आहे. गाडीच्या डायनामोत वीज तयार होते ती मधल्या फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये. ती सगळी वीज कार्बनमधून बाहेर काढावी लागते. आर्मेचर जड, त्याच्या तारांचे वेटोळे फार जोरात फिरवले तर सुटून बाहेर येण्याची भीती. म्हणून त्याला मोठी पुली लावून फेरे आवरते ठेवावे लागतात. फेरे आवरते ठेवले की इंजिन हळू असताना वीज येत नाही. मग कटआउट नावाची पेटी डायनामोला बॅटरीपासून तोडते, नाहीतर बॅटरीचीच वीज उलटी डायनामोत जाईल.

कराडात : कोयनेचे उदाहरण

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. गाडी जरा थांबवा, इंजिन निवू द्या, घाटावर बसून शिदोरी सोडा. ज्या कोयनेचे पाणी तुम्ही पाहता तिचे वरचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे कोकणात उतरवले आहे आणि त्यावर वीज होते. साऱ्या टप्प्यांची मिळून कोयनेची ताकद १,९६० मेगावॉट आहे.

आता गंमत पाहा. कोयनेच्या वीजघरातले जनित्र आणि गाडीतला मुठीएवढा अल्टरनेटर, दोघांची जात एकच. दोघांतही मधे फिरतो तो फक्त चुंबक, म्हणजे थोडी वीज देऊन चुंबक केलेला रोटर. खरी वीज तयार होते ती बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला येते तशीच तीन फेजची वीज त्या लहान डब्यात तयार होते. तिथेच बसवलेले डायोड ती एका दिशेची करून बॅटरीकडे पाठवतात. डायोड म्हणजे विजेचा वाल्व. पाण्याच्या पाइपातला नॉन-रिटर्न वाल्व जसा पाणी उलटे येऊ देत नाही, तसा हा वीज उलटी येऊ देत नाही. म्हणून कटआउट लागत नाही.

कार्बन याही यंत्रात असतात, पण त्यांतून जाते ती चुंबकाला लागणारी दोन-चार अँपिअर वीज. त्यामुळे ते फार दिवस टिकतात. रोटर मजबूत, म्हणून लहान पुली लावून तो इंजिनच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त फिरवता येतो. गाडी उभी असतानाही तो दिव्यांपुरती वीज देऊ लागतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीवर अल्टरनेटर दिला. आपल्याकडे अँबॅसेडर, फियाट, जीप यांच्यावर त्यानंतरही बरीच वर्षे डायनामोच होता.

कराडच्या स्टेशनाजवळ ओगलेवाडी आहे. ओगले बंधूंच्या काचकारखान्यात इथे प्रभाकर कंदील होत असत. तुमच्या आजोबांची बैलगाडी रात्री निघाली की साट्याखाली कंदील टांगलेला असे. तो वाट दाखवायला कमी आणि ‘इथे गाडी आहे’ हे दुसऱ्याला सांगायला जास्त उपयोगी पडे. आजही मागच्या दिव्याचे काम तेच आहे.

आधी दुखणे ओळखा

कराड सोडल्यावर महामार्ग सरळ आहे. कासेगाव, नेर्ले करत पेठ नाका येईपर्यंत एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवतो. बॅटरी उतरते म्हणजे लगेच डायनामो बदलायचा असे नाही. आधी चार गोष्टी तपासा.

पहिली, फॅन बेल्ट. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच आत जावा. जास्त जात असेल तर तो घसरतो आहे. दुसरी, बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी. पांढरा-हिरवा गंज चढला असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी पुष्कळ जुन्या गाड्यांत तुटकी असते आणि दोष मात्र डायनामोला लागतो. तिसरी, डायनामोचे कार्बन. झिजून बुटके झाले असतील तर थोड्या पैशांत काम होते. चौथी, खुद्द बॅटरी. इंजिन बंद करून रात्रभर ठेवल्यावर ती साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते का, ते पाहा.

हे सारे ठीक असेल आणि गाडी दिवसाच फिरत असेल, शेतावर जाऊन-येऊन असेल, तर डायनामो राहू द्या. तो गाडीबरोबरचा आहे, दुरुस्त होतो, आणि आपले काम करतो. बदल करायचा तो रात्रीची वाट, पावसाळा आणि गर्दीचा रस्ता ज्यांच्या नशिबी आहे त्यांनी.

ईश्वरपूर-आष्टा : बदल कसा करायचा

पेठ नाक्याहून आत वळलात की दोन्ही बाजूंनी ऊस, मधेच द्राक्षांचे मांडव आणि हळदीचे हिरवे वाफे. हा वाळव्याचा पाणीदार मुलूख. इथे ट्रॅक्टरची कामे करणारे मिस्त्री गावोगाव आहेत. लेथवर ब्रॅकेट करून देणाराही दूर शोधावा लागत नाही. त्यांच्याकडे काम देताना पुढील गोष्टी तुम्ही स्वतः उभे राहून पाहा.

एक. गाडीची अर्थिंग कोणती आहे ते आधी बघा. जुन्या काही विलायती गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक चासीला जोडलेले असते. आजचा अल्टरनेटर उणे टोक चासीला मागतो. तेव्हा आधी बॅटरी फिरवावी लागते, कॉइलच्या आणि अँमीटरच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात, आणि जुना रेडिओ असेल तर तो काढून ठेवावा लागतो. हे न करता अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड क्षणात जातात. लढाईच्या काळातली जीप असेल तर ती सहा व्होल्टची असते. तिचे बल्ब, कॉइल, सारेच बारा व्होल्टचे करावे लागते. तिथे खर्चाचा विचार वेगळा करा.

दोन. आकाराने फार मोठा अल्टरनेटर मागू नका. जुन्या गाडीला ३५ ते ४५ अँपिअर पुष्कळ झाले. जास्त मोठा घेतला तर बेल्ट आणि वायरिंग दोन्हींवर ताण येतो.

तीन. ब्रॅकेट जाड पट्टीचे, एका मापाचे करून घ्या. वायसरची चळत घालून पुली सरळ रेषेत आणण्याचा खटाटोप टिकत नाही. पुल्या एका रेषेत नसतील तर बेल्ट कडेने कुरतडला जातो आणि ब्रॅकेट हादऱ्याने तुटते.

चार. तार. इथेच पुष्कळ ठिकाणी हयगय होते. डायनामोची जुनी तार बावीस अँपिअरच्या हिशेबाची, तीही चाळीस वर्षांची, कापडी आवरण झडलेली. तिच्यातून पंचेचाळीस अँपिअर पाठवले तर ती तापते. ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरला १० चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची तार थेट बॅटरीच्या अधिक टोकापर्यंत न्या. बॅटरीजवळच ६० अँपिअरचा फ्यूज घाला. हा फ्यूज नसेल तर तार कुठे घासून चासीला टेकली की गाडी पेटायला वेळ लागत नाही.

पाच. कटआउटची जुनी पेटी. तिचे काम संपले. तिच्यातून डायनामोकडे जाणाऱ्या दोन्ही तारा काढून घ्या. त्यांतली एखादी चुकून अल्टरनेटरला जोडलेली राहता कामा नये. पेटी शोभेसाठी जागेवर राहिली तरी हरकत नाही.

सहा. चार्जिंगचा लाल दिवा. तो नुसता खूण सांगणारा नाही. पुष्कळ अल्टरनेटरांत त्याच बल्बमधून सुरुवातीची थोडी वीज जाऊन रोटर चुंबक बनतो. बल्ब गेला तर अल्टरनेटर चांगला असूनही कामाला लागत नाही. म्हणून चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो आणि गाडी सुरू झाल्यावर विझतो, हे रोज पाहण्याची सवय ठेवा.

सात. जुना अँमीटर तीस अँपिअरपर्यंतचा असतो. त्यातून नवी सगळी वीज नेऊ नका. त्याऐवजी लहान व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना, दिवे लावून, त्याने साधारण १३.८ ते १४.४ दाखवले पाहिजे. गाडी पळत असतानाही तेराच्या खाली राहिला तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीचे पाणी आटेल आणि बल्ब जातील.

जुन्या सवयी सोडा

डायनामोच्या काळात मिस्त्री लोकांची एक सवय होती. गाडी चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे, इंजिन बंद पडले नाही तर म्हणायचे डायनामो ठीक. अल्टरनेटरच्या गाडीवर हा प्रयोग कोणालाही करू देऊ नका. बॅटरी सुटताच व्होल्ट एकदम उसळी मारतात आणि डायोड, रेग्युलेटर जळतात. त्याचप्रमाणे गाडीला कुठेही वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या तारा सोडा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू करताना अधिकाला अधिक, उण्याला उणे, हे दोनदा पाहून घ्या.

आणि काढलेला डायनामो भंगारात घालू नका. तेलाचा हात फिरवून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी पन्नास वर्षांच्या वरची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. मात्र ती मूळ रूपात असावी लागते आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रोज वापरायची असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे, हाच मार्ग. त्या तपासणीत दिवे नीट लागले पाहिजेतच.

सांगलीत : पुराची आठवण

आष्टा, तुंग, कसबे डिग्रज करत सांगलीवाडीला आलात की समोर आयर्विन पूल. १९२९ सालचा. सांगली हळदीच्या पेठेची आणि गणपतीच्या देवळाची. पण इथल्या माणसाला विचारा, तो पुलाजवळची पाण्याची पातळी फुटांत सांगेल. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती सत्तावन्न फुटांवर गेली. घरे, दुकाने, जनावरे यांचे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दारात उभ्या असलेल्या गाड्याही दिवसेंदिवस पाण्यात होत्या.

त्यातून घेण्याचा धडा असा. पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरले म्हणून लगेच चालू करून पाहू नका. आधी बॅटरी सोडा. डायनामो असो की अल्टरनेटर, खाली उतरवून उघडा, गाळ धुवा, पूर्ण वाळवा, बेअरिंग बदला. जुन्या बाजारात स्वस्त अल्टरनेटर मिळाला तर हाताने फिरवून पाहा. आतून खरखर आली, जाळीच्या भोकांत वाळलेला चिखल दिसला, तर तो पुरातला माल समजा आणि परत ठेवा.

शेजारच्या मिरजेत तंबोरे-सतारी करणारे कारागीर आहेत. तार किती ताणायची ते त्यांचे बोट सांगते. बेल्टचेही तसेच समजा. सैल असेल तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. नवा बेल्ट चार-पाचशे किलोमीटर चालला की थोडा सैलावतो. तेव्हा एकदा पुन्हा पाहून घ्या.

वाचकहो, घरात गाडी एकच जण चालवत असला तरी व्होल्टमीटरचा काटा आणि लाल दिवा काय सांगतो, हे सगळ्यांना शिकवून ठेवा. रात्री अपरात्री बाळंतिणीला घेऊन निघायची वेळ आली तर गाडी कोणाच्या हाती असेल, सांगता येत नाही. आणि ज्यांच्या घरी उसाचा ट्रॅक्टर आहे त्यांनी हंगाम सुरू होण्याआधी ट्रॉलीचा मागचा दिवा लागतो का ते पाहावे, आणि मागे तांबडे चमकणारे रिफ्लेक्टर लावावेत. चमकणाऱ्या पट्टीला डायनामो लागत नाही, अल्टरनेटर लागत नाही, बॅटरीही लागत नाही. मागून येणाऱ्या गाडीत उजेड कमी असला तरी तेवढ्यात ती दिसते.